दोन झगे, एक ठिगळ

शप्पिरामावशीला अंडी विकायच्या भानगडीत केफर-तूत गावातलं कोणी पडत नसे. प्रत्येक अंडं ती आधी कानाशी नेऊन हलवायची, मग उन्हात धरून एक डोळा मिटून आरपार बघायची, आणि एवढं करून अंडं चांगलं निघालं की तिचा संशय जास्तच बळावायचा. "इतकं चांगलं अंडं तू मला का विकतोयस?" असं ती विचारायची. आता याला माणसानं काय उत्तर द्यावं?

नवरा वारला तेव्हासुद्धा तिनं त्याच्या नाकाशी पीस धरून बघितलं होतं. एकदा नाही, दोनदा. पहिल्यांदा संशयानं धरलं आणि दुसऱ्यांदा आशेनं, असं शेजारपाजारच्या बायका म्हणायच्या, आणि ते म्हणताना त्यांचा आवाज जरा उतरायचा.

नवऱ्यामागे तिच्याकडे दोन गोष्टी राहिल्या. अंगणातल्या घराची एक खोली, आणि न्यायसभेच्या दोन झग्यांचं काम.

हे झगे म्हणजे गावाची मोठी जुनी व्यवस्था. सोमवारी आणि गुरुवारी, बाजाराच्या दिवशी, प्रार्थनेच्या सभागृहाच्या ओवरीत तीन न्यायाधीश बसायचे. एक पक्ष रेशमात आणि दुसरा गोणपाटात उभा राहिला तर न्यायाधीशाचं मन नकळत रेशमाकडे झुकेल, म्हणून आपल्या यहुद्यांत नियमच आहे की दोघांचा वेश सारखा हवा. बाकीच्या गावांत श्रीमंताला सांगतात, "एक तर याला तुझ्यासारखं नेसव, नाही तर तू याच्यासारखं नेस." मग तिथे त्यावरूनच वेगळा खटला उभा राहतो. केफर-तूतच्या जुन्या माणसांनी डोकं चालवलं आणि न रंगवलेल्या लोकरीचे दोन झगे शिवून ओवरीतल्या खुंट्यांना टांगले. आलेल्या माणसानं आपली चादर सेवकाकडे द्यायची आणि यातला एक झगा चढवायचा. दर सुनावणीनंतर ते धुणं, उन्हात घालणं, उसवलं-फाटलं शिवणं हे शप्पिरामावशीकडे.

ती ते मन लावून करायची. शिवताना धागा लोकरीचाच हवा. लोकरीत जवसाचं सूत मिसळलेलं वस्त्र अंगावर घालायला आपल्याला मनाई, त्यामुळे बाजारातून आणलेला प्रत्येक धागा ती आधी विस्तवावर जाळून हुंगायची. धागेवाला म्हणायचा, "मावशी, मी काय तुला फसवीन?" मावशी म्हणायची, "ते जळल्यावर कळेल."

तर अशी ही बाई. तिन्ही न्यायाधीशांवर तिची नजर असायची हे सांगायला नकोच.

पहिले एक म्हातारे. त्यांना दुपारनंतर झोप आवरत नसे आणि शेजारचे जे बोलतील त्याला ते मान हलवायचे. त्यांच्यावर संशय घ्यायला मावशीला जागाच नव्हती. याचं तिला मनापासून वाईट वाटायचं.

दुसरे रब्बी हलाफ्ता. यांच्यावर मात्र तिचा डोळा. जाड मान, मोठं हसू, आणि घरात सदा मासा. सरोवर दीड दिवसाच्या वाटेवर, आणि यांच्या चुलीवर मंगळवारीसुद्धा मासा! शब्बाथला, विसाव्याच्या शनिवारी, ठीक आहे, पण मंगळवारी? शिवाय गेल्या हिवाळ्यापासून दर खटल्यात बाकीचे दोघं एकीकडे आणि हा एकटा दुसरीकडे. न्यायाधीशांनी आतली मतं बाहेर सांगायची नसतात, पण केफर-तूतमध्ये कोणाच्या घरी किती मीठ लागतं हेही लोकांना ठाऊक, तिथे हे कसं लपणार? "दोन भली माणसं एक बोलतात, आणि हा दर वेळी उलटा का?" मावशी धुणं आपटता आपटता विचारायची. "मासे खाणारा माणूस आहे. कोणीतरी आणून देत असणार."

आणि तिसरे रब्बी नेहुन्या. साऱ्या गावात मावशी ज्याच्यावर संशय घेत नसे असा हा एकच माणूस. उंच, हडकुळा, पांढरी दाढी छातीवर. न्यायाला बसले की नजर जमिनीवर. समोर कोण आहे, गरीब की श्रीमंत, ओळखीचा की परका, हे डोळ्यांनीसुद्धा कळू नये म्हणून ते पक्षकारांचे चेहरे कधीच बघत नसत. नजर जायची ती फार तर झग्याच्या काठापर्यंत. एका पक्षाचा माणूस एकटाच त्यांच्या दारात गेला की ते दार लावून घ्यायचे. "दोघं मिळून या," आतून आवाज यायचा. आया मुलांना सांगायच्या, बघ, माणूस असावा तर असा. त्यांच्या घराला या वर्षी नवी माडी चढली तेव्हा लोक काहीबाही बोलले. त्यांना गप्प केलं ते मावशीनंच. "त्यांचा मुलगा तिबेरिया शहरात कमावतोय. सगळ्यांकडे तुमच्या नजरेनं बघू नका!"

हे वाक्य तिनं म्हटलेलं ऐकून धागेवाला तीन दिवस हसत होता.

त्या वर्षी वसंतातला निसान महिना सरताना मावशीच्या अंगणावरच खटला येऊन पडला.

अंगण तीन घरांचं. मागची खोली मावशीची, बाजूचं घर मत्तून कुंभाराचं, आणि पुढचं मोठं घर यानाय तेलवाल्यानं नुकतंच विकत घेतलेलं. मधोमध खडकात खोदलेलं पाण्याचं टाकं. आजोबा-पणजोबांपासून तिन्ही घरं त्यात पोहरा सोडायची. मत्तूनची माती त्या पाण्यानं मळायची, मावशीचं धुणं त्या पाण्यानं व्हायचं. यानायनं घर घेतलं आणि महिन्याभरात टाक्यावर लाकडी झाकण आणि झाकणावर कुलूप.

"घर घेतलं म्हणजे टाकंही घेतलं," यानाय म्हणाला.

"असं कसं, शेठ?" मत्तून म्हणाला. मत्तून म्हणजे गरीब गाय. भांडायला उभा राहिला तरी हात चिखलानं भरलेले, त्यामुळे बोट दाखवतानाही आधी पुसून घ्यायचा.

"मग जा न्यायसभेत."

"जातो की," मत्तून म्हणाला, आणि गेला. निकाल लागेपर्यंत कुलूप तसंच. मावशी आता खालच्या झऱ्यावरून पाणी आणत होती. तिथवरची चढण तिच्या गुडघ्यांना झेपत नव्हती. चार खेपांत एक झगा धुऊन व्हायचा. टाकं गेलं तर झग्यांचं काम जाणार, आणि ते गेलं की खोलीत बसून भिंतींवर संशय घेणं एवढंच उरणार, हे तिला स्वच्छ दिसत होतं.

सोमवारी पहिली सुनावणी. मावशीनं लवकरच ओवरीत पोचून धुतलेले झगे खुंट्यांना टांगले. न्यायसभेचा सेवक दोस्ताय अजून झाडत होता.

"काय मावशी, आज अंडी नाहीत वाटतं बघायची?"

"तुझं झाडणं बघतेय. कोपरे सोडतोस."

तेवढ्यात यानाय आला. अंगावर सुगंधी तेलाचा असा दरवळ की दोस्ताय शिंकला. मत्तून यायचा होता. यानायनं आपली तलम चादर दोस्तायच्या हातावर टाकली आणि खुंटीवरचे झगे चाचपायला लागला. बाजारात टरबूज निवडावं तसं एक उलटा केला, दुसरा उलटा केला, काठ हातात धरून बघितला आणि मग त्यातला एक घेतला.

मावशीच्या भुवया वर गेल्या.

यानायनं उचलला होता तो ठिगळाचा झगा. गेल्या हिवाळ्यात कोणीतरी रागारागानं निघताना त्याचा काठ उंबऱ्याच्या खिळ्यात अडकून फाटला होता, आणि मावशीनं तिथे तळहाताएवढं गडद लोकरीचं ठिगळ लावलं होतं. लोकर तसलीच होती हाताशी. दुसरा झगा धडधाकट. आणि हा माणूस, जो पायाला धूळ लागली तर चपला बदलतो, तो धड झगा सोडून ठिगळाचा घेतो?

"दोस्ताय," ती हळूच म्हणाली, "यानं तो का घेतला रे?"

"मावशी, सकाळी सकाळी माझं डोकं खाऊ नकोस. झगा आहे, घेतला."

सुनावणी झाली. यानाय बोलला, मत्तून बोलला, साक्षीदार गुरुवारी आणायचे ठरलं. रब्बी नेहुन्यांची नजर जमिनीवर, नेहमीसारखी. हलाफ्तांनी मध्येच विचारलं, "विक्रीपत्रात टाक्याचा उल्लेख आहे का?" यानाय म्हणाला, "'घर' लिहिलंय, त्यात सगळं आलं." तेव्हा नेहुन्या जमिनीकडे बघतच म्हणाले, "विचार करण्याजोगा मुद्दा आहे." म्हाताऱ्यांनी मान हलवली.

मावशी झगे घेऊन घरी आली, ते धुण्यासाठी काढले आणि सवयीनं हुंगले.

धुणं करणाऱ्या बाईच्या नाकाला कळत नाही अशी गोष्ट नाही. साध्या झग्याला मत्तूनच्या भट्टीचा धूर. ठिगळाच्या झग्याला यानायचं सुगंधी तेल. यात नवल काय? नवल काहीच नव्हतं. पण ती ठिगळाचा झगा पाण्यात बुडवता बुडवता थांबली, कारण तिला आठवलं की याच्या आधी या झग्याला कोणता वास होता. मसालेवाल्याचा. दालचिनी. त्याच्या आधी, हिवाळ्यात हनुक्काच्या सणाच्या सुमाराला, जकातीच्या ठेकेदाराचा, बल्सानाच्या सुगंधी डिंकाचा. आणि साध्या झग्याला? मेंढरं. कांदा. नुसता घाम.

ती दगडावर बसली. मसालेवाला जिंकला होता. ठेकेदार जिंकला होता. तंबू-कनातींचा व्यापारी जिंकला होता, तेव्हाही ठिगळाला उंची साबणाचा वास होता. हिवाळ्यापासून ठिगळ एकदाही हरलं नव्हतं.

आणि झग्याच्या काठाकडे बघत बसणारा न्यायाधीश एकच होता.

पहिल्यांदा तिनं काय केलं असेल? तिला स्वतःच्या नाकाचाच संशय आला. म्हातारपणी नाक फसवतं. मग तिनं झगा पुन्हा हुंगला. मग मत्तूनच्या बायकोला हाक मारून तिच्याकडून हुंगवून घेतला. "मावशी, काय गं हे, कोणाचा घामट झगा हुंगायला लावतेस!" ती बिचारी म्हणाली, आणि म्हणाली, "तेल आहे, भारीतलं."

मावशीला राग आला होता, पण रागाच्या खाली दुसरंच काही होतं. साऱ्या गावात एकच माणूस तिनं संशयाविना ठेवला होता. सणासाठी जपून ठेवलेल्या भांड्यासारखा. आणि त्याच्या लबाडीची खूण तिनंच शिवलेली, तिच्याच हाताची, बारीक टाक्याची. टाके इतके सुरेख होते की दहा हातांवरूनही ठिगळ नीट दिसावं.

बुधवारी दुपारी ती वाळलेले झगे मांडीवर घेऊन बसली. सांगायचं कोणाला? दोस्ताय हसला असता. हलाफ्ता? तो मासेखाऊ. आणि रब्बी नेहुन्यांच्या विरुद्ध एका धुणं धुणाऱ्या बाईची साक्ष? न्यायसभेत बाईची साक्ष तशीही चालत नाही. मग नाकाची काय चालणार?

तिनं कात्री घेतली. ठिगळ उसवायचं आणि दुसऱ्या झग्याला लावायचं. यानायनं सोमवारी एकदा काठ बघितलाय, आता त्याच खुंटीचा झगा न बघताच उचलेल. पण त्याचा नेम नाही, पुन्हा बघेलही. मग मत्तूनला बाजूला घेऊन सांगायचं, बाबा, उद्या लवकर ये आणि ठिगळाचा घे. टाकं सुटेल, कुलूप जाईल, गुडघे वाचतील.

एक टाका तिनं उसवलाही. आणि मग हात थांबला.

"का गं शप्पिरा?" ती स्वतःलाच मोठ्यानं म्हणाली. "पाणी कोणाचं पाहिजे? तुझं. धुणं कोणाचं? तुझं. मग ठिगळ कुठे लावायचं ते तू कोण ठरवणार? चौथी न्यायाधीश?"

आयुष्यात इतक्या जणांना तिनं हा प्रश्न विचारला होता, यात तुझा काय फायदा, की तो स्वतःकडे वळल्यावर त्याला टाळायची तिला सोयच राहिली नाही. तिनं स्वतःकडे अगदी त्या अंड्यासारखं आरपार बघितलं. अंडं काही फार चांगलं निघालं नाही.

मग तिनं उसवलेला टाका परत घातला. दुसरा झगा उचलला. धडधाकट, बिचाऱ्याचं काही चुकलं नव्हतं. त्याच्या काठाला, त्याच जागी, तिनं कात्रीनं खिळ्यात अडकल्यासारखी फाट पाडली. उरलेली गडद लोकर काढली. धागा जाळून हुंगला. आणि तळहाताएवढं ठिगळ लावलं, टाक्याला टाका.

दोस्ताय संध्याकाळी झगे न्यायला आला.

"अगं, याला काय झालं?"

"फाटला."

"कधी? सोमवारी तर बरा होता."

"तू कोपरे झाडत नाहीस, तुला झगे कुठून दिसणार? ने मुकाट्यानं."

गुरुवारी अर्धा गाव ओवरीत. यानाय पुन्हा आधीच हजर. झगे उलटे केले. एक बघितला. दुसरा बघितला. पुन्हा पहिला. त्याच्या कपाळावर तेल होतंच, आता घामही आला. मत्तून हात पुसत आला, हाताला लागला तो झगा चढवून उभा राहिला. यानायनं नाइलाजानं उरलेला चढवला.

साक्षीदार बोलले. गावचे दोन म्हातारे, दोघांनी वेगवेगळं बसून तेच सांगितलं: टाकं तिन्ही घरांचं, पहिल्यापासून. मग न्यायाधीशांनी बोलायची वेळ आली. रब्बी नेहुन्यांनी नजर झग्याच्या काठापर्यंत नेली. ठिगळ दिसलं. ते बोलायला तोंड उघडणार, तोच नजर जरा सरकली. दुसरं ठिगळ दिसलं.

ते थांबले.

"दोघांनी... जरा पुढे या."

दोघं पुढे आले. दोन ठिगळंही पुढे आली.

"जरा बाजूला व्हा. नाही, तू. हां, तू."

"मी का, रब्बी?" मत्तून म्हणाला.

"तू नाही. दुसरा."

ओवरीत कोणीतरी खुदकन हसलं. आणि मग ते घडलं. रब्बी नेहुन्यांनी मान वर केली. त्यांनी मत्तूनचा चेहरा बघितला, यानायचा चेहरा बघितला, आणि यानायच्या चेहऱ्यावर त्यांची नजर थांबली. चाळीस वर्षांत ज्यांचे डोळे न्यायाच्या वेळी वर उठलेले कोणी बघितले नव्हते ते डोळे साऱ्या गावानं बघितले. पिंगट होते. ते कोणाला तरी शोधत होते हे आंधळ्यालाही कळलं असतं.

यानायला धीर धरवला नाही. बिचाऱ्याला वाटलं, म्हाताऱ्याला नीट दिसत नाही. त्यानं झग्याचा काठ दोन्ही हातांनी वर उचलून धरला.

"रब्बी, हे काय, इकडे आहे ना ठिगळ!"

"माझ्यालाही आहे की," मत्तूननं भोळेपणानं आपला काठ वर केला.

हसू फुटलं ते आधी. मग एकेकाच्या डोक्यात उजेड पडत गेला तसं ते विझत गेलं. मागे कुठेतरी मेंढरंवाला उभा होता, हनुक्काला हरलेला. तो हळूच म्हणाला, "माझ्या वेळी मला साधा मिळाला होता."

रब्बी हलाफ्तांनी आपली जाड मान वळवली. "यानाय," ते अगदी शांतपणे म्हणाले, "ठिगळाचं काय आहे?"

यानायनं हातातला काठ सोडून दिला. रब्बी नेहुन्या उठले, "मला बरं वाटत नाही" म्हणाले, आणि भिंतीचा आधार घेत पायऱ्या उतरले. म्हाताऱ्या न्यायाधीशांनी सवयीनं मान हलवली.

नेहुन्यांच्या जावयाकडे कोण काय पोचवायचं आणि बदल्यात "ठिगळाचा घ्या" हा निरोप कसा मिळायचा, ते पुढच्या चार बाजारांत बाहेर आलं. नेहुन्या नाव विचारत नसत, फक्त ठिगळ बघायचे; दोन ठिगळं दिसली तेव्हा दोघांनीही पोचवलंय की काय, हेच त्यांना कळेना. हिवाळ्यापासूनचे सगळे निकाल पुन्हा काढले गेले. टाक्याचा खटला नव्या तिसऱ्या न्यायाधीशापुढे सोमवारी परत चालला. घर विकलं म्हणून टाकं विकलं जात नाही, वेगळं लिहावं लागतं, हा नियम तिघांनाही पाठ होता. कुलूप निघालं. पण गच्चीवरून टाक्यात पाणी आणणारी पन्हळ यानायच्या भिंतीत होती आणि ती फोडली होती मत्तूनच्या पोरांनी खेळताना, तेव्हा ती मत्तूननं बांधून द्यावी असंही ठरलं. मत्तून कुरकुरला. मावशी म्हणाली, "बरोबर आहे. फोडली होतीच. मी बघितलं होतं."

"मग तेव्हा बोलली का नाहीस?"

"कोणी विचारलं?"

दोस्ताय एक दिवस पाल्यात गुंडाळलेला खारवलेला मासा घेऊन आला. "रब्बी हलाफ्तांनी पाठवलाय. त्यांचा मेहुणा सरोवरावर जाळी टाकतो ना, तो टोपलीच्या टोपली पाठवतो. म्हणाले, मावशीला द्या."

मावशीनं मासा हुंगला. उलटा केला. कल्ले उघडून बघितले.

"कशासाठी?"

"अगं, कशासाठी काय? तुझं ठिगळ आवडलं म्हणून."

"न्यायाधीश आहे तो. परत ने. आणि त्याला म्हणावं, मेहुण्याचा खटला कधी आलाच तर बाजूला बस."

दोस्तायनं हा निरोप जसाच्या तसा दिला. हलाफ्ता इतके हसले की त्यांना पाणी प्यायला लागलं. मग म्हणाले, "खरं बोलली," आणि हसू आवरलं.

रब्बी नेहुन्या नंतर फारसे बाहेर पडत नसत. कधीतरी सभागृहाकडे जाताना मावशीला दिसायचे. नजर जमिनीवर, पूर्वीसारखीच. बायका म्हणायच्या, ढोंग काही जात नाही. मावशीला मात्र पहिल्यांदाच कशाचा संशय आला नाही. आता ती नजर खरोखरच वर उचलवत नव्हती, हे तिला चालीवरून कळायचं. ती त्यांच्यासाठी वाट सोडून उभी राहायची आणि घरी येऊन धुणं जरा जास्तच जोरानं आपटायची.

तेव्हापासून तिची एक पद्धत पडली. खुंटीवरचा एक झगा कुठे खिळ्याला अडकला, कुठे कसरीनं खाल्ला, कोणी रागानं बाही ओढली, की मावशी आधी तो शिवायची आणि मग दुसरा मांडीवर घेऊन त्याच जागी, तेवढंच भोक कात्रीनं पाडायची. नवी माणसं बघायची तर चक्रावायची, चांगल्या कापडाला ही म्हातारी कात्री का लावते म्हणून. काही वर्षांत दोन्ही झग्यांत मूळ लोकर कमी आणि ठिगळं जास्त झाली. रेशमातली माणसं ते चढवताना नाकं मुरडायची.

दोस्ताय म्हणायचा, "मावशी, आता नवे शिवू या का?"

"शिवू," मावशी म्हणायची, कात्री चालवत. "पण कापड आणायला मी येणार. दोन्ही एकाच ठाणातलं आहे का, ते तुला काय कळणार?"